राजगड–तोरणा–रायगड: पॅनेल सॅकवर की दगडावर?

डिसेंबरमधला चार दिवसांचा रेंज ट्रेक. मुक्काम राजगडाची पद्मावती माची, तोरण्याचं मेंगाई मंदिर आणि मोहरी गाव. सामान: २१ वॉटचं घडीचं सौर पॅनेल, १०,००० एमएएचची पॉवर बँक, दोन मोबाइल, दोन हेडटॉर्च.

सॅकवर पॅनेल लटकवून चालण्यात फार हशील नाही. ही वाट पश्चिमेला जाते. सकाळी ऊन पाठीवर, तेवढ्यात मिळेल ते मिळेल. दुपारनंतर सूर्य समोर आणि पॅनेल आपल्याच सावलीत. त्यात राजगडाची संजीवनी माची उतरली की झाडी. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका फांदीची सावलीही अख्ख्या पॅनेलची वीज पाडते. २१ वॉटपैकी हाती येतात दोन-तीन.

तेच पॅनेल तोरण्याच्या बुधला माचीवर जेवणाच्या थांब्यात दगडाला टेकवलं की १२-१३ वॉट देतं. आडवं पसरू नका. डिसेंबरात इथे ऐन दुपारीही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर येतो, म्हणून दक्षिणेला तोंड करून साधारण ४० अंशांत कलतं ठेवा. पॅनेलवर काडी काटकोनात धरा. तिची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर. अर्ध्या तासाने पुन्हा फिरवा. तासाभरात ५,००० एमएएचचा मोबाइल निम्म्याच्या आसपास भरेल एवढी वीज जमते.

मात्र मोबाइल थेट जोडू नका. ढग आला की चार्जिंग तुटतं आणि ऊन परतलं तरी काही फोन पुन्हा सुरू होत नाहीत. आधी पॉवर बँक भरा, रात्री त्यातून मोबाइल. बँक पॅनेलच्या मागे, सावलीत ठेवा. ४५ अंश सेल्सियसच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिचं आयुष्य घटवणं. केबल आखूड आणि जाड. हेडटॉर्च फारच कमी करंट घेते, त्यामुळे बऱ्याच बँका ‘काही जोडलेलंच नाही’ असं समजून बंद पडतात. सोबत मोबाइलही लावला की चालू राहतात.

मोहरीजवळचं रायलिंगचं मोकळं पठार ही शेवटची चांगली जागा. पुढे बोराट्याच्या नाळेत (उताराच्या अरुंद घळीत) ऊन विसरा, पॅनेल सॅकच्या आत जाऊ द्या. बाहेर लोंबलं तर खडकाला घासतं.

पाठीवर तळहाताएवढं पॅनेल असलेली पॉवर बँक घेऊ नका. ३७ वॉट-तासांची, म्हणजे १०,००० एमएएचची बँक त्या एक-दीड वॉटवर भरायला आठवडा जाईल. खरं तर चारच दिवस असतील तर पॅनेलऐवजी दुसरी पॉवर बँक न्या: वजन निम्मं, आणि पद्मावती माचीवर माकडांपासून राखायला माणूस बसवावा लागत नाही.