ऐन मे महिन्यात शिवपुरीचे माधव उद्यान

ग्वाल्हेरहून शिवपुरी सुमारे 115 किलोमीटर आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पहाटे निघून, मोहना आणि सतनवाडा ही गावे मागे टाकत माधव राष्ट्रीय उद्यानाच्या सकाळच्या फेरीला पोहोचता येते खरे, परंतु घरात वयस्कर माणसे असतील तर आदल्या रात्री शिवपुरीत मुक्काम करणेच सोयीचे. आम्ही काका-काकूंना बरोबर घेऊन तसेच केले.

हे जंगल एके काळी शिंदे सरकारांचे शिकारीचे रान होते आणि शिकारीचा हंगाम हाच, उन्हाळ्याचा. करधई, धावडा, सालई यांची पाने झडलेली, खालचे गवत वणव्याने साफ झालेले आणि ओढे आटलेले असले की वाघाला ठरावीक पाणवठ्यावर यावेच लागे. मग हाकाऱ्यांना त्याचा माग काढणे कितीसे अवघड? उद्यानातील ‘शूटिंग बॉक्स’, म्हणजे शिकाऱ्याने आत बसून नेम धरण्यासाठी बांधलेली जागा, पाहताना हे हिशेब लक्षात येतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार बंद झाली, तरी चोरटा शिकारी आजही त्याच हिशेबावर चालतो. पाणी आटते तसतशी चितळे, सांबरे, नीलगायी उरलेल्या एक-दोन डबक्यांशी दाटीने येतात आणि तिथल्या पायवाटेवर लावलेला फास किंवा पाण्यात कालवलेला युरिया एका रात्रीत अनेक जनावरांचा घात करतो. गर्दीच्या पाण्यातून रोग पसरतात, ते वेगळेच.

वाटेत जळून काळा झालेला एक मोठा पट्टा लागला. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणूनही आग लावतात आणि वारा सुटला की ती आवरत नाही. त्या राखेतून गवताचे बोटभर हिरवे कोंब वर आले होते आणि पाच-सहा चितळे मान खाली घालून ते खुडत होती. खुरांखालून राखेचा बारीक धुरळा उडत होता. वणव्याने रानाचे भले होते असे म्हणणाऱ्यांना हे दृश्य आवडते. मला ते पटत नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या तित्तिराचे घरटे त्याच आगीत जाते, हरणाच्या पाडसांना दडायला आडोसा राहत नाही आणि कोंबांवर आलेली चितळे त्या उघड्या जमिनीवर लांबूनही दिसतात, बिबट्याला आणि माणसालाही. जुने शिकारी जळलेल्या रानाकडे वळत ते याचसाठी.

1918 साली बांधलेला सख्यासागर तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. काठ बराच उघडा पडला होता आणि भेगाळलेल्या चिखलावर मगरी पसरल्या होत्या. पाणी फार ओसरले की त्या काठातल्या बिळांत शिरतात, त्यामुळे काठाशी उतरून छायाचित्रे काढण्याचा मोह टाळावा. 2023 मध्ये इथे वाघ पुन्हा सोडले आणि 2025 मध्ये उद्यान व्याघ्र प्रकल्प झाले; आम्हाला वाघ दिसला नाही, काकांना त्याची थोडी खंत वाटली.

जाणाऱ्यांनी सकाळचीच फेरी घ्यावी. दुपारी माणूस आणि जनावर दोघेही सावली शोधतात. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला ओला पंचा आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. काडेपेटी, विडी, सिगारेट बरोबर नेऊच नये. पाणवठ्याजवळ गाडी दूर उभी करून इंजिन बंद करावे, कारण तहानलेले जनावर एकदा बिचकून परतले की पुन्हा पाण्याशी यायला फार वेळ लावते आणि मे महिन्यात तेवढा वेळ त्याला महागात पडतो. तारेचा फास किंवा पाण्याकाठी मेलेले पक्षी दिसल्यास हात न लावता जागा नीट लक्षात ठेवून वाटाड्याला सांगावे. धूर दिसला तर दिशा पाहून जवळच्या वनचौकीला लगेच कळवावे आणि स्वतः चढाकडे न पळता मोकळ्या किंवा आधीच जळून विझलेल्या जमिनीवर सरकावे, कारण आग चढावर वेगाने धावते. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, उद्यान बंद असते. म्हणून बेत जूनअखेरपर्यंतचाच आखावा.