पोंग्यात न मावलेली लेन्स

2019 चा जुलै. सिल्लोड तालुक्यातलं मक्याचं वावर, सकाळचे साडेसहा. मका गुडघ्याच्या वर आलेला, पानांवर दव. लष्करी अळीवरच्या एका पुस्तिकेसाठी फोटो काढायला गेलो होतो. ही अमेरिकन अळी 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि वर्षभरात आपल्या मक्यात घुसली. पुस्तिका 'तातडीने' हवी होती, म्हणजे विचारणा मेमध्ये आणि होकार जुलैत. मागणी अशी की अळी नुकतीच अंड्यातून निघालेली हवी, आणि तिच्या डोक्यावरचा उलटा वाय ठसठशीत दिसायला हवा. एवढ्याशा अळीचं डोकं नुसतं काळं असतं, वाय उमटतो ती जरा मोठी झाल्यावर. तसं कळवलं. उत्तर आलं, 'झूम करून बघा.'

झूमचा इथे काही संबंध नाही. नवजात अळी जेमतेम दोन मिलिमीटरची. माझ्या 100 मिमीच्या मॅक्रोने, म्हणजे जवळून टिपायच्या लेन्सने, एकास एक घेतलं, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर अळी आहे तेवढीच उमटवली, तर सेन्सरच्या 36 मिलिमीटर रुंदीत 6,000 पिक्सेल, त्यातले अळीच्या वाट्याला साडेतीनशेही नाहीत. छापल्यावर पेरभर. म्हणून मित्राकडून कॅननची 65 मिमीची एमपी-ई आणली होती. ही एकपटीपासून पाचपटीपर्यंत मोठं करते आणि त्याखेरीज काहीच करत नाही. लांबचं दृश्य नाही, ऑटोफोकस नाही. आपणच श्वास धरून पुढे-मागे डुलायचं. तिप्पट मोठं करताना लेन्सचं छिद्र एफ/8 इतकं लहान केलं की प्रत्यक्षात ते एफ/32 सारखं, आणखी लहान असल्यागत वागतं आणि बारीक तपशील विरघळतात. म्हणून जरा मोठ्या 5.6 वर थांबायचं, आणि मग फोकसमध्ये येतं ते मिलिमीटरचा पाचवा हिस्साही नाही. लेन्स भाड्याने देणारे यातलं काही सांगत नाहीत. 'पाचपट सर, जबरदस्त!' एवढंच.

मला नडलं ते वेगळंच. तिप्पट घेताना लेन्सचं तोंड आणि अळी यांच्यात अंतर उरतं पाच सेंटिमीटर. अळी बसलेली पोंग्यात, आणि पोंगा म्हणजे गुंडाळलेल्या पानांचं नरसाळं. लेन्स आत घातली की पान हलायचं, अळी खाली सरकायची, फ्लॅशचा उजेड लेन्सच्याच आड अडायचा. चिप्सच्या डब्यापासून घरी केलेला, फ्लॅशचा उजेड मऊ करणारा माझा लाडका डिफ्यूझर दवाने भिजून लोंबायला लागला. तासाभरात हाती आले हिरव्या अंधाराचे चाळीस फोटो. 100 मिमीने तेरा-चौदा सेंटिमीटर अंतर मिळालं, उजेडही आत गेला, पण अळी पुन्हा ठिपक्याएवढी.

शेवटी हरलो. पानाचा तुकडा अळीसकट तोडला, बांधावर डब्याच्या झाकणात ठेवला, आणि 65 ने घेतला. केस न् केस दिसला. कीटक बर्फात गार करून फोटो काढणारे लोक आहेत. ते मी करत नाही, पण पान तोडलं हेही मला आवडलं नव्हतं.

वावराचे मालक नाना केव्हाचे मागे उभे होते. त्यांना स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघून म्हणाले, "भाऊ, एवढी मोठी असती तर मी चपलेनंच मारली असती."

मी हसलो. त्यांच्या सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेजारचं ताट वाकवलं, कोवळ्या पानावरचे पांढुरके, कागदासारखे पातळ चट्टे दाखवले. "आम्ही हे बघतो दादा. आत भुसा दिसला म्हंजे उशीर झाला." दुसऱ्या ताटाच्या पोंग्यात खरंच ओल्या लाकडाच्या भुशासारखी विष्ठा होती, आणि मोठी अळी इतकी खोल की फवारा तिथवर पोचणं कठीण. मग चट्ट्यांवरची एक बारकी अळी त्यांनी नखावर घेऊन माझ्यापुढे धरली. नखाच्या कडेला माती, आणि मधोमध तिळाहून बारीक, काळ्या डोक्याची रेघ.

कॅमेऱ्यावर 65 होती. तिप्पटच्या चौकटीत बारा मिलिमीटर मावतात. नख म्हणजे नुसती गुलाबी भिंत झाली असती. ती एकपटीवर आणता आली असती, एवढंही त्या घाईत सुचलं नाही. खिशातला फोन काढला, त्याने दोन फोटो घेतले.

65 चा आणि फोनचा, दोन्ही फोटो पाठवले, शेजारी शेजारी छापा असं लिहून. डिझायनरचं म्हणणं पडलं की फोनचा फोटो 'स्टँडर्ड' नाही, आणि नख घाण दिसतंय.

सप्टेंबरमध्ये पुस्तिका घेऊन नानांकडे गेलो. सूनबाईंनी मुखपृष्ठ उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली अळी, दादा?"

पुढच्या वर्षी पुस्तिका पुन्हा छापली. मुखपृष्ठ तेच आहे, खाली माझं नावही आहे.