हीटरची ज्योत ओळखणारा डोळा
परभणीत थंडीमध्ये पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा भिंतींची पुट्टी वाळवण्यासाठी आमच्या साइटवर डिझेलचा हीटर लावतात. थर्मोस्टॅटचे बटण खोलीच्या तापमानाखाली फिरवताच ज्योत विझली पाहिजे आणि त्यानंतरही पंखा फिरत राहून आतला भाग निवला पाहिजे. थेट प्लग काढणे मला मुळीच मान्य नाही. त्याहून महत्त्वाचा फोटोसेल, म्हणजे ज्योतीचा उजेड ओळखणारा हीटरचा डोळा: त्याच्या काचेवर काजळी धरली, की समोरची ज्योत त्याला दिसत नाही आणि हीटर काही सेकंदांत बंद पडतो. अशा वेळी काच मऊ कापडाने पुसावी. फोटोसेल टाळून तार जोडण्याचा सल्ला मात्र कुणीही दिला तरी ऐकू नये, कारण मग ज्योत विझल्यावरही डिझेल फवारले जाते. आणि खिडकी उघडी हवीच, कारण डिझेल जळताना निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.