पात्यामागच्या पट्टीसाठी ४१ दिवस

घरच्या सुतारकामासाठी यांत्रिक करवती कोणत्या घ्याव्यात, असे मला हल्ली ओळखीचे बरेच जण विचारतात आणि दरवेळी माझ्या तोंडून पहिले वाक्य एकच निघते: दुकानाची पायरी उतरण्याआधी खोके उघडा आणि पात्यामागची पट्टी आत आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. विजेचे, पात्यांचे, किमतीचे सगळे त्यानंतर. टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून पाते वर आलेल्या करवतीच्या, या तळहाताएवढ्या पट्टीसाठी गेल्या पावसाळ्यात माझे ४१ दिवस गेले आणि त्या काळात ज्यांना ज्यांना भेटले, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने ती नसली तरी चालते असेच सांगितले. ते आठवले की आजही मला राग येतो.

मुलुंडच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आमचे घर आहे. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर मागची दहा बाय बारा फुटांची खोली मी सुतारकामासाठी मोकळी करून घेतली आणि चार वर्षे हातकरवत, रंधा आणि पटाशी एवढ्यावरच काम केले. स्टूल, चौरंग, देव्हारा इथपर्यंत ते निभावले; पण पुस्तकांच्या कपाटासाठी १८ मिलिमीटरचा प्लाय हाताने कापताना उजवा खांदा असा धरला की डॉक्टरांनी दोन महिने करवत बंद करायला सांगितली. तेव्हा यंत्रे घ्यायचे ठरले.

सर्क्युलर सॉ, म्हणजे हातात धरून चालवायची गोल पात्याची करवत, आणि जिगसॉ, म्हणजे वर-खाली होणाऱ्या बारीक पात्याची करवत, मी नागदेवी स्ट्रीटच्या अवजारांच्या बाजारातून एका दुपारी घेऊन आले, त्यात सांगण्यासारखे काही घडले नाही. निवडीमागचा विचार मात्र सांगते. प्लायचे आठ बाय चार फुटी पूर्ण शीट तीस किलोच्या पुढे भरते. ते एकट्या माणसाने उचलून टेबल सॉवर सरळ सरकवणे कठीण आणि धोक्याचेही असते, शिवाय आपल्याकडच्या खोल्यांत तेवढी जागाच नसते. त्यापेक्षा शीट जमिनीवर जाड थर्माकोलवर आडवे ठेवावे, वर सरळ अ‍ॅल्युमिनियमची नळी दोन्ही टोकांना क्लॅम्पने घट्ट बसवावी आणि तिला टेकवून १८५ मिलिमीटर पात्याची सर्क्युलर सॉ चालवावी. म्हणून मुंबईच्या घरात पहिले यंत्र हेच असावे, असे माझे ठाम मत आहे. वक्र कापांसाठी जिगसॉ लागते. मायटर सॉ, म्हणजे पाते वरून खाली आणून आडवे काप घेणारी करवत, मी घेतली नाही. तसे आडवे काप मी अजूनही हातकरवतीने आणि गुण्याने, म्हणजे काटकोन पाहायच्या पट्टीने, करते आणि ते चांगले येतात. अमेरिकेतला माझा भाचा तिकडून यंत्र आणायला तयार होता, पण तिथली यंत्रे १२० व्होल्टवर चालतात आणि आपल्याकडे २३० व्होल्ट असल्यामुळे प्रत्येक यंत्रासोबत एक जड ट्रान्सफॉर्मर सांभाळावा लागला असता.

टेबल सॉ घेतली ती सागाच्या फळ्यांमधून अरुंद पट्ट्या काढण्यासाठी. तंतूंच्या दिशेने दोन-तीन इंच रुंदीची पट्टी लांबच्या लांब, एकसारखी काढायची असेल तर सर्क्युलर सॉ टेकवायलाच जागा उरत नाही. टेबलावर मांडता येणारे, २५४ मिलिमीटर पात्याचे, १५०० वॉटचे यंत्र मी तीन दुकानांत पाहिले. दोन ठिकाणी मला घरातल्या पुरुषाला सोबत घेऊन यायला सुचवण्यात आले. तिसऱ्या दुकानाने माझ्या प्रश्नांची नीट उत्तरे दिली, गाइड, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायचा आधार, पात्याला समांतर बसतो की नाही हे पुढे आणि मागे टेप लावून मोजूही दिले, म्हणून यंत्र तिथेच घेतले. खोके आधी उघडून पुन्हा चिकटवलेले दिसत होते. दाखवण्यासाठी उघडले होते, असे दुकानदार म्हणाले आणि मी ते मान्य केले. चूक माझी झाली ती इथे.

घरी येऊन यंत्र जोडायला घेतले. माहितीपुस्तिकेतल्या चित्रात पात्याच्या मागे कोयत्यासारखी वळलेली एक काळी पट्टी दाखवली होती आणि शेजारी सुट्या भागांच्या यादीतला तिचा क्रमांकही होता. यंत्रात मात्र त्या जागी पकडीची रिकामी खाच आणि अर्धवट पिळलेला स्क्रू एवढेच होते. खोके, थर्माकोल, प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळे तीनदा उलटेपालटे केले. पट्टी नव्हती.

ही पट्टी, जिला रायव्हिंग नाइफ म्हणतात, काय करते हे समजून घेतल्याशिवाय कोणीही टेबल सॉला हात लावू नये. लाकूड, विशेषतः आपल्या दमट हवेत ओलावा धरलेले लाकूड, कापले जाताना आतल्या ताणाने मिटू लागते. कापलेली फट पात्यामागे आवळली गेली की पात्याचे मागच्या बाजूचे, वर येणारे दात लाकूड पकडतात, उचलतात आणि थेट कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. मिनिटाला ४,००० फेरे घेणाऱ्या २५४ मिलिमीटरच्या पात्याचे दात सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी १९० किलोमीटर वेगाने फिरत असतात. लाकूड फेकले जाताना त्यावरचा हातही पात्याकडे ओढला जाऊ शकतो. पट्टी त्या फटीत उभी राहून फट मिटू देत नाही, आणि ती पात्याबरोबरच वर-खाली होते, पात्याबरोबरच कलते, म्हणून कुठल्याही कापात तिचे अंतर बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी मशीद स्टेशनला उतरून भर पावसात दुकान गाठले. “ताई, ही पट्टी कुणीच लावत नाही. आमच्याकडून मशीन नेणारे सगळे मिस्त्री पहिल्याच दिवशी काढून फेकतात,” असे दुकानदार म्हणाले. मी पुस्तिकेचे पान पुढे केले. त्यांनी ते वाचले, खोके कंपनीकडून आले तसेच दिले असे सांगितले आणि मला सर्व्हिस सेंटरकडे जायला सांगितले. मुलुंड ते घाटकोपर लोकलने आणि तिथून अंधेरी पूर्वेपर्यंत मेट्रोने जाऊन मी सर्व्हिस सेंटर गाठले, तर तिथल्या गृहस्थांनी बिल पाहून सांगितले की वॉरंटी मोटरची असते, जोडभागांची नाही. शिवाय बिलावर यंत्राचा अनुक्रमांक नाही, त्यामुळे नोंदच करता येणार नाही. अनुक्रमांक लिहून घ्यायला पुन्हा नागदेवी. दुकानदार गावी गेलेले. सहा दिवसांनी दुरुस्त बिल मिळाले, ते घेऊन पुन्हा अंधेरी. या वेळी नोंद झाली आणि भाग आला की फोन करू असे सांगण्यात आले. फोन आला नाही. मी केला तर प्रत्येक वेळी वेगळी व्यक्ती सगळे पहिल्यापासून विचारी.

तेवढ्यात मदत करू पाहणारेही भेटले. भांडुपच्या एका पत्राकाम करणाऱ्याने ३ मिलिमीटर पत्र्यातून हुबेहूब पट्टी कापून देण्याची तयारी दाखवली. मी व्हर्नियरने, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापकाने, मोजले: माझ्या पात्याच्या दातांनी पडणारी फट २.६ मिलिमीटर, पात्याच्या चकतीची जाडी १.८. पट्टीची जाडी या दोन आकड्यांच्या मधली असावी लागते. ३ मिलिमीटरची पट्टी फटीत शिरलीच नसती, लाकूड तिच्यावर जाऊन अडकले असते आणि मी ते जोर लावून ढकलत राहिले असते. दुसऱ्या एकाने वेगळ्या कंपनीची पट्टी आणून दिली, पण तिचा वळसा मोठा होता. पट्टी दातांपासून ३ ते ८ मिलिमीटरच्या आत हवी, ती वरच्या टोकाला २० मिलिमीटर लांब राहत होती. दोघांचेही आभार मानून मी परत पाठवले. यंत्र जुन्या चादरीखाली झाकून ठेवले होते आणि रे रोडच्या वखारीतून आणलेल्या सागाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. घरच्यांनीही एकदोनदा विचारले की सावकाश चालवले तर काय होईल. मी चालवले नाही आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

सव्विसाव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली. ती आधीच नोंदवायला हवी होती, ते पहिल्या आठवड्यातच का सुचले नाही याची खंत वाटते. तक्रारीत मी भावना लिहिल्या नाहीत. बिलाची प्रत, अनुक्रमांकाचा फोटो, रिकाम्या खाचेचा फोटो आणि पुस्तिकेतले ते पान जोडले, आणि “सुरक्षेचा भाग न देता यंत्र विकले गेले आहे” एवढे एकच वाक्य लिहिले. हीच कागदपत्रे कंपनीच्या मुख्य कार्यालयालाही पाठवली. तीन दिवसांत मला फोन आला, बोलणारी मुलगी नीट ऐकून घेणारी होती, आणि एकेचाळिसाव्या दिवशी खाकी लिफाफ्यातून पट्टी आली. पैसे मागितले नाहीत. तिच्या पोलादावर २.३ हा आकडा कोरलेला होता. तो मी बोटाने पुन्हा पुन्हा चाचपला.

पट्टी बसवून, सरळ गुण्या लावून ती पात्याच्या रेषेत आहे ना हे पाहिले आणि बटण दाबले, तर घराची वीज गेली. यंत्र चालू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या साडेसहा अँपियरच्या कितीतरी पट प्रवाह ओढते आणि आमचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच, बी प्रकारचा, लगेच पडणारा होता. परवानाधारक वायरमनला बोलावून आधी वायरची जाडी तपासून घेतली, मग सी प्रकारचा एमसीबी आणि १६ अँपियरचा स्वतंत्र सॉकेट बसवला. हे काम यंत्र घरी येण्याआधीच करून घ्यावे. बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड या यंत्राला कधीही लावू नये.

पहिली फळी चार फूट लांब होती. निम्मी कापून झाल्यावर फट मिटू लागलेली मला स्पष्ट दिसली. दोन्ही बाजूंचे लाकूड पट्टीला येऊन घट्ट टेकले, आवाज किंचित जड झाला आणि फळी तरीही सरळ पुढे गेली. मी यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबेपर्यंत तशीच उभी राहिले. पट्टी नसती तर ती फळी कुठे गेली असती, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते समोर दिसल्यावर मात्र हात थोडे थरथरले.

आणखी काही गोष्टी आठवतात त्या लिहून ठेवते. ओढणी, बांगड्या, सैल बाह्या आणि हातमोजे यांतले काहीही अंगावर ठेवून पात्याजवळ जाऊ नये. हातमोजा दातात अडकला की बोटांसकट आत जातो. शेवटचे सहा इंच लाकूड हाताने नव्हे, ढकलकाठीने सरकवावे. भुशाला साधे समजू नये: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरले आहे, म्हणून मी व्हॅक्युमची नळी जोडून आणि मास्क लावूनच काम करते. शेजाऱ्यांशी बोलून सकाळी अकरा ते एक ही वेळ ठरवून घेतली आहे. उभ्या कापाला २४ दातांचे आणि प्लायला ६० दातांचे पाते वापरते, आणि नवे पाते घ्यायला जाते तेव्हा व्हर्नियर पर्समध्ये असतो: दातांची रुंदी २.३ पेक्षा जास्त आणि चकती २.३ पेक्षा कमी असेल तरच पैसे काढते.