खुर्ची खालून बघा: व्ही अँड ए आणि टेटची तयारी

लंडनमध्ये व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) आणि टेट कलासंग्रहालयात जाऊन आधुनिक ब्रिटिश डिझाइन अभ्यासायचं असेल, तर तयारी मुंबईतच, मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर होते. खुर्ची उलटी करा. बैठकीखाली साधारण मधोमध खरखरीत ठिपका दिसेल. वितळलेलं प्लास्टिक डायमध्ये, म्हणजे साच्यात, तिथून शिरलं. पाठ, बैठक, पाय, सगळं एकसंध.

आता ब्रिटिश डिझायनर रॉबिन डेची १९६३ची पॉलिप्रॉप खुर्ची घ्या. तिची फक्त पाठ आणि बैठक पॉलिप्रॉपिलीनची. पाय स्टीलच्या नळीचे, खालून स्क्रूने बसवलेले. कडा वळवलेल्या, कारण पातळ प्लास्टिक सपाट ठेवलं तर लवतं, कड वळवली की ताठ राहतं. डाय महाग, नग स्वस्त. हे गणित कळल्याशिवाय तिचा आकार कळत नाही. दुसरा ब्रिटिश डिझायनर अर्नेस्ट रेस, त्याच्या १९४५च्या बीए३ खुर्चीमागचं कारण वेगळं. लाकूड रेशनवर आणि युद्धसामग्रीतलं अॅल्युमिनियम भंगारात पडलेलं, म्हणून सांगाडा ओतीव अॅल्युमिनियमचा. समोरून ती जेवणाच्या टेबलाची साधी खुर्ची वाटते. संग्रहालयात खुर्च्या चौथऱ्यावर असतात, तेव्हा खुशाल जमिनीवर बसा.

व्ही अँड एला प्रवेश फुकट आहे, त्यामुळे एका दिवसात ‘उरकायची’ घाई नको. एका खेपेला तीन वस्तू पुरे. आधी पाटी न वाचता चित्र काढा: समोरून एक, जोडाचं एक, तळाचं एक. पेन्सिल आणि छोटी वही एवढंच न्या. मग पाटीवरचा नोंदणी क्रमांक बघा. शेवटी बहुधा वर्ष असतं, ते वस्तू संग्रहात आल्याचं. घडल्याचं वर्ष आणि हे वर्ष यांतलं अंतर फार बोलकं असतं. क्रमांकाच्या सुरुवातीला ‘सर्क’ असेल, तर ती सर्क्युलेशन विभागाची खरेदी. हा विभाग समकालीन वस्तू घेऊन कलाशाळांपर्यंत प्रदर्शनं फिरवायचा. १९७७मध्ये तो बंद झाला. (चुकीचा निर्णय, माझ्या मते.)

कापडांच्या दालनात फोटोवर विसंबू नका. रंग उडू नयेत म्हणून उजेड अगदी मंद, साधारण ५० लक्सच असतो, आणि त्यात फोन रंग हमखास बिघडवतो. रंग शब्दांत लिहा. डिझायनर विल्यम मॉरिसच्या १८८३च्या ‘स्ट्रॉबेरी थीफ’ या छापील कापडात अख्खं कापड आधी निळीत बुडवलं, मग नक्षीपुरती नीळ उडवून तिथे लाल-पिवळा चढवला. आपल्या राजस्थानी दाबू छपाईत आधी मातीचा लेप आणि नंतर नीळ. इथे नेमकं उलट. शिवाय कापडं अधूनमधून विश्रांतीला काढतात, म्हणून निघण्याआधी संकेतस्थळावर वस्तू मांडलेली आहे का आणि कुठल्या दालनात, ते तपासा.

मांडलेली नसेल, तर पूर्व लंडनमध्ये २०२५ला उघडलेलं व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउस आहे. भांडारातली वस्तू आगाऊ नोंदवून तिथे बघता येते. मुंबईहून तिकीट काढतानाच नोंदणी उरका.

टेट ब्रिटनमध्येही साहित्याकडेच आधी बघा. चित्रकार फ्रान्सिस बेकनची १९४४च्या सुमाराची, क्रुसाच्या पायथ्याच्या आकृत्यांची तीन चित्रं कॅनव्हासवर नाहीत, स्वस्त फायबर बोर्डवर आहेत. ती मांडलेली असतील तर समोरून आणि तिरकं, दोन्हीकडून बघा. आपली चित्रं काचेमागेच असावीत हा बेकनचा आग्रह होता. फोटो काढायचाच असेल तर गडद कपडे घाला; पांढरा शर्ट काचेत सगळ्यांत ठळक उमटतो.