सासऱ्यांसोबत मिलम

लग्नात, हळदीकुंकवाला, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठेही विषय निघाला की प्रश्न ठरलेला असतो. "सासऱ्यांना घेऊन हिमालयात? कशी काय गेलीस गं?" विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. आश्चर्य असतं, थोडी काळजीही असते. ती मला समजते. आपल्या खान्देशात सासरे अंगणात आले की सून पदर सावरून आत जायची, याला फार वर्षं झालेली नाहीत. माझ्या सासूबाई आजही आप्पांसमोर खुर्चीवर बसत नाहीत. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

जायचं होतं मी आणि माझ्या नवऱ्याने. उत्तराखंडातल्या कुमाऊंमध्ये मुनस्यारीच्या वर, गोरी गंगेच्या खोऱ्यात, तिबेटच्या वाटेवरचं शेवटचं गाव मिलम. तीन वर्षं मनात होतं. सप्टेंबरअखेरची तिकिटं काढली, वाटाड्या ठरवला, आणि निघायच्या बारा दिवस आधी नवऱ्याची रजा रद्द झाली. मी रात्री ओट्यावर बसून एकेक बुकिंग रद्द करायला घेतलं. आप्पा समोर खाटेवर होते. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "चालाचंच हाये ना? मंग मी येतो."

आप्पा तेव्हा 63 वर्षांचे. रावेर तालुक्यातले केळीवाले, गळ्यात तुळशीची माळ. मुक्ताईच्या पालखीसोबत मुक्ताईनगरहून पंढरपूर त्यांनी अकरा वेळा केलंय. महिनाभराची चाल असते ती. तरी हिमालयाचा प्रश्न पायांचा नसतो, हवेचा असतो. मी त्यांना भुसावळला डॉक्टरांकडे नेलं, ईसीजी आणि ट्रेडमिलची तपासणी केली, रक्तदाब बघितला. डॉक्टर हो म्हणाले तेव्हाच मी हो म्हटलं. सासूबाईंची एकच अट होती: आप्पांना रोज पायमोजे घालायला लावायचे. दोन डबे भरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी दिली. त्या दशम्या आम्हाला मुनस्यारीपर्यंत पुरल्या.

भुसावळहून दिल्ली, दिल्लीहून काठगोदाम, तिथून जीपने दोन दिवस. मुनस्यारी साधारण 2,200 मीटरवर आहे. समोर पंचाचुलीची पाच शिखरं. पहिल्या सकाळी ऊन शिखरांवर पडलं तेव्हा आप्पांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले, चहा निवून गेला तरी. तिथे आम्ही मुद्दाम दोन दिवस थांबलो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि मिलमसाठी परवान्याची कागदपत्रंही तिथेच करायची असतात. सरहद्द जवळ, त्यामुळे वाटेतल्या आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, चौक्यांवर नावं लिहावी लागतात.

मुनस्यारीत जोहार खोऱ्याच्या, म्हणजे गोरीच्या याच वरच्या खोऱ्याच्या, जुन्या वस्तूंचं एक छोटं संग्रहालय आहे. हातमाग, करंडे, लोकरीचे जाड गालिचे, मेंढ्यांच्या पाठीवर लादायच्या मिठाच्या पिशव्या. मिलमची गोष्ट मला खरी कळली ती तिथे. या खोऱ्यातले शौका लोक पिढ्यानपिढ्या तिबेटशी व्यापार करायचे. उन्हाळ्यात धान्य, गूळ, कापड घेऊन ऊंटाधुरा खिंडीतून वर जायचे आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन परतायचे. ओझं मेंढ्या-शेळ्यांच्या पाठीवर. आपल्याकडे लमाणांचे तांडे बैलांवर मीठ वाहायचे, तसंच. मग 1962 चं युद्ध झालं, खिंडी बंद झाल्या आणि व्यापार थांबला तो थांबलाच. एवढा मोठा गाव ज्या एका कामावर उभा होता ते कामच गेलं. माणसं मुनस्यारी, पिथौरागड, अल्मोडा, दिल्ली अशी पांगली, नोकऱ्यांत गेली. आता काही घरं फक्त उन्हाळ्यात वर येतात, बटाटा आणि फाफर (कुट्टू) पेरतात, थंडीच्या आधी खाली उतरतात.

त्याच संध्याकाळी मी आप्पांना नैनसिंह रावतची गोष्ट सांगितली. जोहारचाच माणूस, जन्म 1830 चा. आधी शाळेत शिकवायचा म्हणून पुढे 'पंडित' हेच नाव पडलं. तिबेटात परक्यांना बंदी होती, म्हणून इंग्रजांच्या सर्व्हे खात्याने त्याला डेहराडूनला एक गोष्ट घोटवून शिकवली, ती म्हणजे एकसारखं पाऊल टाकणं. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच पडायचं. साधारण 2,000 पावलांचा एक मैल. हातात जपमाळ, पण 108 ऐवजी 100 मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी सरकवायचा, एक फेरी झाली म्हणजे दहा हजार पावलं. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. असा तो 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला, आणि त्याने मोजलेल्या पावलांवरून तिबेटचा नकाशा झाला. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं.

आप्पांनी सगळं ऐकलं. मग पिशवीतून स्वतःची जपमाळ काढली आणि हातात धरून बघत राहिले. "याच्यात आठ मनी जास्तीचे हायेत," म्हणाले. तुळशीचे मणी काढून टाकणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून सुईदोरा मागितला आणि शंभराव्या मण्यापाशी पिवळ्या दोऱ्याची गाठ मारली. दुसऱ्या दिवसापासून ते मोजत चालले.

वाट लिलमकडे आधी खाली उतरते, मग गोरीच्या काठाकाठाने वर. लिलम ते बुगडियार हा सगळा घळीतला रस्ता, दोन्ही बाजूंनी कडे आणि खाली पांढरी नदी. तिचा आवाज रात्रीही थांबत नाही. आमची तापी अशी ओरडत नाही. आप्पांनी वाटाड्याला पहिल्याच दिवशी विचारलं की ही नदी जाते कुठे. गोरी जौलजीबीला काळीला मिळते आणि ते पाणी शारदा, घाघरा होत होत गंगेला जातं, हे कळल्यावर त्यांनी खाली उतरून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. आम्ही गेलो तेव्हा वरपर्यंत रस्त्याचं काम चाललं होतं, काही टप्पे जीपने होत होते. आम्ही चाललो.

आता ज्याची सगळ्यांना काळजी असते त्याबद्दल. आप्पांना काही झालं नाही. झालं मला. रिलकोटला, 3,000 मीटरच्या वर, माझं डोकं असं धरलं की मान वळवता येईना. जेवण उलटून पडलं. मी सह्याद्रीत वीस वर्षं फिरलेली, वेगाने चालायची सवय, आणि त्या दिवशीही आप्पांच्या बरंच पुढे निघून गेले होते. ते मोजत, एका लयीत, मागून येत होते. सकाळी मी बूट बांधायला लागले तर त्यांनी समोर बसून म्हटलं, "माय, आज नाही चालाचं. आज बसाचं." मी म्हटलं आप्पा, एक दिवस वाया जाईल. ते म्हणाले की दिंडीत एकाला ताप आला तर बाकीचे त्याच्या उशाशी बसतात, त्या दिवसाला कुणी वाया गेला म्हणत नाही. वाटाड्याचं मतही तेच होतं, आणि त्याने स्पष्ट सांगितलं की संध्याकाळपर्यंत डोकं उतरलं नाही तर पुढे न जाता खाली जायचं. उंचीचा त्रास थांबत नसेल तर हाच खरा उपाय आहे, खाली उतरणं. दिवसभर मी पडून होते. आप्पा दर अर्ध्या तासाने कोमट पाणी आणून देत होते. माझ्या सासऱ्यांनी मला पाणी आणून दिलं, तेही डोक्यावर घेतलेला पदर नसताना, स्लीपिंग बॅगमध्ये. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. त्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकांशी सलग दहा वाक्यं बोललो असू असं मला वाटत नाही.

संध्याकाळी डोकं उतरलं. त्या रात्री ते बोलले. त्यांचं मूळ गाव तापीकाठी होतं. ते पंचविशीच्या आत असताना गाव धरणाच्या फुगवट्यात गेलं आणि नवं गाव वर माळावर वसलं. हे मला माहीत होतं, घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. माहीत नव्हतं ते हे की दरवर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की जुनी जोती उघडी पडतात आणि आप्पा सकाळी "मळ्यात जातो" म्हणून निघतात ते तिथे जातात. सासूबाईंनाही त्यांनी कधी सांगितलेलं नव्हतं.

रिलकोटच्या पुढे खोरं एकदम रुंद होतं. झाडं संपतात, वारा सुरू होतो. मार्तोलीच्या बाजूला नंदादेवी पूर्व दिसते, 7,434 मीटर. मला वाटलं होतं तिथे मला रडू येईल. नाही आलं, नुसतं बघत राहिले. पलीकडच्या काठाला बुर्फू, मग बिल्जू, आणि शेवटी मिलम. आप्पांच्या हिशेबाने रिलकोटहून माळेच्या दोन फेऱ्या होऊन वर चाळीस मणी झाले. त्यांनी तो आकडा माझ्या वहीत लिहायला लावला.

मिलम म्हणजे शेकडो घरांचं गाव, आणि त्यातली बहुतेक घरं पडलेली. अरुंद बोळ, दोन्हीकडे दगडी भिंती, छपराच्या फरशा खोल्यांमध्ये कोसळलेल्या. आत कमरेइतकी बिच्छू घास वाढलेली. हात लागला की तासभर आग होते. पण चौकटी उभ्या होत्या. एका दाराच्या लाकडावर फुलं आणि वेल कोरलेली, वाऱ्या-पावसाने राखाडी झालेली, तरी बोट फिरवलं की पाकळी न् पाकळी लागत होती. आप्पा त्या दाराशी थांबले. आत छप्पर नव्हतं, जमीन नव्हती, घासच होती. त्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाहेर ठेवले आणि पायमोज्यांवर उंबरा ओलांडला. डाव्या भिंतीत एक देवळी होती, वरचा दगड काजळीने काळा. त्यांनी आत हात घातला आणि काजळी बोटाला लागते का बघितलं. लागली. साठ वर्षांची काजळी. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. त्यांनी ते बोट कपाळाला लावलं आणि बाहेर आले.

गावाच्या वरच्या अंगाला एका घरातून धूर येत होता. एक म्हातारी अंगणात फाफर झोडत होती. तिने बसायला पोतं टाकलं, मिठाचा चहा दिला, त्याला ते लोक 'ज्या' म्हणतात. आप्पांनी पहिला घोट घेतला, थांबले, आणि मग वाटी संपवली. तिचा मुलगा दिल्लीत नोकरीला. खाली मुनस्यारीला पक्कं घर आहे, नळ आहे, टीव्ही आहे. तरी दर मे महिन्यात ती वर येते. मी विचारलं, का येता? तिने हातातली काठी खाली ठेवली आणि म्हणाली, "घर को बंद रखो तो बैठ जाता है." मग तिने आप्पांना विचारलं, आपका गाँव? आप्पांचं हिंदी भुसावळ स्टेशनावरचं. म्हणाले, "हमारा गाव पानी के नीचे है. गर्मी में थोडा उपर आता है." तिने मान हलवली, काही विचारलं नाही आणि त्यांची वाटी पुन्हा भरली. दोघं तसेच बसले होते, बराच वेळ. मी उठून नदीकडे गेले. तिथे माझं काही काम नव्हतं.

निघताना तिने आप्पांना वाळवलेल्या जंबूची, म्हणजे कांद्याच्या जातीच्या एका डोंगरी पातीची, पुडी दिली, फोडणीत घालायला. आप्पांनी खिसे तपासले. देण्यासारखं काहीच नव्हतं. मग त्यांनी माळेवरचा पिवळा दोरा सोडला, त्यात तुळशीचा एक सुटा मणी ओवला आणि तिच्या मनगटाला बांधला. परतीच्या वाटेवर ते मोजत नव्हते.

घरी आल्यावर त्या जंबूची फोडणी सासूबाईंनी उडदाच्या डाळीला दिली. त्यांना वास आवडला नाही. आप्पांनी दोनदा वाढून घेतलं.

पुढच्या मे महिन्यात, 45 अंशांचं ऊन होतं, एका सकाळी आप्पा मला म्हणाले, "येतं का मळ्यात?" आम्ही तिघं गेलो, सासूबाईही. चिखल वाळून भेगा पडल्या होत्या, मधे दगडी जोती उघडी. एक विहीर, चिंचेचं खोड, मारुतीचा पार. आप्पा पारापासून उत्तरेकडे पावलं टाकत गेले, ओठ हलत होते. एकसष्टाव्या पावलाला थांबले. "इथी चूल होती," ते सासूबाईंना म्हणाले, "अन् इथी उंबरा." सासूबाई या घरात कधी नांदल्याच नव्हत्या, त्या नव्या गावातच लग्न होऊन आल्या. त्यांनी चिखलातच चपला काढल्या. मीही काढल्या. जमीन तापली होती, पाय ठेवेना, तरी आम्ही दोघी आत गेलो आणि चुलीपाशी बसलो.