मोहीमपटांची उजळणी: नॅव्हरोन ते मुरगाव

राजेहो, दुसऱ्या महायुद्धातल्या मोहिमांवरचे सिनेमे पुन्हा बघायच्या उन्हाळी उजळणीचा पुढचा हप्ता. नागपूरच्या मे महिन्यात हे काम रात्री उशिराच जमतं, आणि तेव्हाही कूलरशी भांडण असतंच. या सिनेमांत गोळीबारापेक्षा कुजबुज महत्त्वाची. म्हणून बेत ठरताना कूलर बंद, धमाके सुरू झाले की चालू. सबटायटल लावा म्हणाल, पण मग चेहऱ्यांकडे बघायचं राहून जातं.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' (१९६१) पुन्हा पाहिला, बेटावरच्या जर्मन तोफा उडवायला निघालेल्या तुकडीची गोष्ट. कडा, वादळ, तोफा आपल्याला पाठ आहेत. माझा जीव अडकतो तो शेवटच्या लिफ्टमध्ये. डेव्हिड निव्हनचा मिलर तोफगोळे वर आणणाऱ्या लिफ्टखाली स्फोटकं लपवून ठेवतो. लिफ्ट पुरती खाली आली की तार जुळणार आणि स्फोट होणार. ती उतरते, थोडक्यात थांबते, परत वर जाते. पुन्हा उतरते, पुन्हा तेच. तिकडे ब्रिटिश जहाजं तोफांच्या टप्प्यात येताहेत. मिलरचं काम संपलंय, आता फक्त बघायचं. मला हे सिनेमे शौर्यापेक्षा या कारागिरीसाठी आवडतात. धरमपेठेतला मित्र 'व्हेअर ईगल्स डेअर' (१९६८) वर ठेवतो. केबल कारवरची मारामारी भारीच, पण तिथे जर्मन सैनिक नुसते पडायलाच आलेले दिसतात.

'द हीरोज ऑफ टेलिमार्क' (१९६५) पाहून मात्र खऱ्या मोहिमेबद्दल वाचत बसलो. फेब्रुवारी १९४३, जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेतला वेमोर्कचा हेवी वॉटर (अणुसंशोधनाला लागणारं जड पाणी) कारखाना उडवायचा होता. पुलावर पहारा, म्हणून मोहिमेवरची नॉर्वेजियन पोरं बर्फातून दरीत उतरली आणि पलीकडचा कडा चढून आत शिरली. स्फोटकांची वात पेटवायची तेवढ्यात तिथला रखवालदार म्हणतो, माझा चष्मा कुठंय? युद्धात नवा मिळायचा नाही. मग चष्मा शोधून दिला, नंतर वात पेटवली. एकही गोळी न झाडता सगळे निसटले. पटकथेत हे असतं तर आपणच म्हटलं असतं, काहीही दाखवतात बे! याच मोहिमेवरच्या १९४८ च्या नॉर्वेजियन सिनेमात तर मोहिमेतल्या काही जणांनी स्वतःच कामं केलीत. तोही यादीत घ्या.

मग आपल्याकडचा, 'द सी वुल्व्ह्ज' (१९८०). मार्च १९४३, पोर्तुगीज गोवा तटस्थ, मुरगावच्या बंदरात ब्रिटिश बाजूच्या जहाजांची खबर चोरून पुरवत असल्याचा संशय असलेलं 'एहरेनफेल्स' हे जर्मन जहाज. ते निकामी करायला निघाले कोण, तर 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी राखीव घोडदळातले पोट सुटलेले क्लबवाले, तेही जुनाट बार्जमधून! नॅव्हरोनचेच ग्रेगरी पेक आणि निव्हन इथे म्हातारपणी आहेत आणि भूमिकेला ते वय शोभतं. रॉजर मूरचं प्रेमप्रकरण सुरू झालं की पाणी प्यायला उठा, काही बिघडत नाही.

पुढचा नंबर 'द कॉकलशेल हीरोज'चा (१९५५). डिसेंबर १९४२ मध्ये छोट्या होड्यांतून फ्रान्समधल्या बोर्दो बंदरावर निघालेल्या दहा ब्रिटिश सैनिकांपैकी दोघेच जिवंत परतले, ती मोहीम. माझ्याकडची प्रिंट फारच फिकी आहे. कुणाकडे चांगली असेल तर कळवा भाऊ.